खांद्याला बसेल ती बंदूक

बैल घ्यायला निघालेला आमच्या परभणीकडचा शेतकरी पाहण्यासारखा असतो. बाजारात शंभर जनावरे उभी असली तरी त्याची नजर घाईत नसते. तो बैलाचे दात मोजतो, खूर उचलून पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, दहा पावले चालवून बघतो. आणि एवढे सगळे करूनही "उद्या सांगतो" म्हणून रिकाम्या हाताने घरी येतो. लाल कंधारी गोऱ्ह्यांच्या एका जोडीसाठी तीन-तीन आठवडे बाजार हिंडलेली माणसे मी पाहिली आहेत. पण हाच माणूस बंदुकीच्या दुकानात शिरला, की त्याचे सारे शहाणपण उंबऱ्याबाहेरच्या चपलांजवळ राहते. तो लोखंडावरची नक्षी पाहतो, लाकडाची झिलई पाहतो, किंमत विचारतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. बैल चुकीचा निघाला तर फार तर एक हंगाम वाया जातो. बंदूक चुकीची निघाली तर काय जाते, ते पुढे सांगतोच.

शहरातल्या वाचकांना वाटेल, की शेतकऱ्याला आणि बंदूक? परंतु जिंतूर तालुक्यातल्या डोंगरकडेच्या कोणत्याही गावात ज्वारी हुरड्यात आली असताना एक रात्र काढून पाहावी. रानडुकरांचा कळप येतो तो चार ताटे खाऊन जात नाही. तो वावर झोपवून जातो. सोयाबीन, हरभरा, भुईमूग, त्याला काही वर्ज्य नाही. रोह्यांचे तेच. म्हणून माणसे माळ्यावर बसून जागल करतात, डबे बडवतात, फटाके वाजवतात, आणि ज्याला जमते तो परवान्याचा अर्ज करतो.

माझ्या थोरल्या आतेभावाला असा परवाना मिळाला, तेव्हा बंदूक निवडायला त्याने मला बरोबर चल म्हटले. मी मराठी शिकवतो. बंदुकीशी माझा संबंध शिकारकथांपुरता. पण त्याचे म्हणणे साधे होते. "तुला इंग्रजी येतंय ना? मग चल संगं. नळीवर काय लिव्हलंय तेवढं वाचून दे, बाकीचं मी बघतो." त्या एका वाक्यात बंदूक-खरेदीचे निम्मे शास्त्र आले आहे, हे त्या वेळी दोघांनाही ठाऊक नव्हते. मी मात्र परीक्षेला बसावे तसा दोन महिने वाचत बसलो, आणि जाणत्या माणसांना विचारत हिंडलो. ते जे हाती लागले, ते असे.

पहिली गोष्ट कायद्याची. ती रुक्ष आहे, पण तिच्यावाचून पुढे जाता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक गृहीत धरलेली आहे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक घेता येते. २०१६ च्या नियमांनी हाताळणीचे प्रशिक्षण आणि घरी सुरक्षित ठेवण्याची हमी या दोन गोष्टी जोडल्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतील असे ठरवले, परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच केली, आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांना शिक्षेची तरतूद केली. ही शेवटची तरतूद आमच्या भागात मोठ्या अक्षरांत लावायला हवी! शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते, आणि मेलेले डुक्कर सरकारचे असते. मटणाचा बेत कोणी करू नये.

आता बंदुकीकडे येऊ. छऱ्याची दुनाळी बंदूक दोन घडणींची असते. शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेली ती आपल्या परिचयाची. सिनेमातल्या जमीनदाराच्या भिंतीवर असते ती. दुसरीत एका नळीवर दुसरी नळी रचलेली असते. इंग्रजीत हिला वर-खाली अशा अर्थाचे नाव आहे. मराठीत रूढ शब्द नाही, म्हणून मी पहिलीला आडवी दुनाळी आणि दुसरीला उभी दुनाळी म्हणतो. शब्द नसणे हेही बोलके आहे. 'काडतूस' आपण पोर्तुगीजांकडून घेतले, 'पिस्तूल'ही त्यांच्याचकडून. 'बंदूक' अरबीतून आली, आणि तिथे 'बुंदुक' म्हणजे मुळात एक कवचीचे फळ, त्याच्या आकारावरून गोळी. पण ही उभी दुनाळी आपल्याकडे इतकी उशिरा आणि इतकी थोडी आली, की तिला नाव ठेवण्याइतकी ती कोणाच्या ओठांत बसलीच नाही.

युरोपातही ती तशी उशिराचीच. लंडनच्या बॉस या कारखान्याने १९०९ साली अशी बंदूक काढली. पण ती राजेरजवाड्यांच्या किमतीची. सामान्य माणसाच्या आवाक्यात ती आणण्याचा ध्यास जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने घेतला. बेल्जियममधल्या लिएज शहराजवळच्या कारखान्यात तिच्यावर काम चालू असतानाच, १९२६ च्या नोव्हेंबरात, त्याला मृत्यू आला. त्याच्या मुलाने काम पुढे नेले आणि १९३१ साली ती बंदूक बाजारात आली. पुढे इटलीतल्या ब्रेशिया प्रांताने हा व्यवसाय जवळजवळ आपलासा केला. तिथल्या बेरेटा घराण्याने १५२६ साली व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या विकल्याची नोंद आहे. म्हणजे पानिपतची पहिली लढाई झाली त्या वर्षी हे लोक नळ्या विकत होते, आणि आजही विकत आहेत. पेराझी हे नाव त्या मानाने कालचे, १९५७ चे. पण ऑलिंपिकच्या मैदानावर त्याचा मान मोठा.

उभ्या दुनाळीत असे काय आहे? एक तर नेम धरताना डोळ्यासमोर एकच नळी दिसते. आडव्या दुनाळीत दोन नळ्यांची रुंद पाठ समोर असते. हिच्यात एक अरुंद पट्टी, सरळ रेघेसारखी. दुसरे म्हणजे झटका. पहिला बार बहुधा खालच्या नळीतून काढतात. ती नळी खांद्याच्या रेषेत असल्यामुळे धक्का सरळ मागे येतो, तोंड फारसे वर उडत नाही, आणि दुसऱ्या बाराला नजर जागेवर राहते. याच कारणाने आकाशात भिरकावलेल्या मातीच्या तबकड्या फोडण्याच्या खेळात हिने आडवीला जवळजवळ हद्दपार केले. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणारे बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह, २००४ साली अथेन्सला रौप्यपदक जिंकणारे राज्यवर्धनसिंह राठोड, २००६ चे जगज्जेते मानवजितसिंह संधू ही सगळी माणसे याच खेळातली. तोटे म्हणाल तर वजन. आडवी दुनाळी तीन किलोंच्या आसपास असते. खेळाची उभी दुनाळी साडेतीनच्या पुढे जाते. आणि खालच्या नळीत काडतूस घालायचे म्हणजे बंदूक पुष्कळ खाली वाकवून उघडावी लागते. अरुंद माळ्यावर बसलेल्या माणसाला हे लक्षात ठेवायला हवे.

आमच्या महाराष्ट्रात नेमबाज थोडे नाहीत. भारतीय रायफल संघटना १९५१ साली उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही भरते. २०२४ साली पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आलेला स्वप्नील कुसाळे कोल्हापूरकडचा. परंतु आपली मुले रायफल आणि पिस्तुलात चमकतात, छऱ्याच्या बंदुकीत क्वचितच. कारण स्पष्ट आहे. एका फेरीत २५ तबकड्या, पात्रतेच्या पूर्ण स्पर्धेत १२५. सराव याच्या कितीतरी पट, आणि प्रत्येक तबकडीला एक किंवा दोन काडतुसे जळणार. मध्यमवर्गीय घरात मुलीने किंवा मुलाने या खेळाचा हट्ट धरला तर आईबापांनी बंदुकीच्या किमतीने घाबरू नये. घाबरायचे असेल तर काडतुसांच्या हिशेबाने घाबरावे. आणि पहिली दोन वर्षे क्लबची बंदूक वापरू द्यावी. मूल अजून वाढते आहे. आज बसलेला दस्ता परवा आखूड होईल.

आता मुख्य अडचण. अशी नवी परदेशी बंदूक तुम्ही-आम्ही दुकानातून सहज आणू म्हटले तर येत नाही. १९८० च्या दशकापासून सर्वसाधारण परवानाधारकाला परदेशी शस्त्राची आयात बंद आहे. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत. त्यामुळे आपल्या बाजारात जी उत्तम उभी दुनाळी दिसते ती बहुधा जुनी असते, दोन-तीन हातांतून फिरलेली असते, आणि तिची किंमत तिच्या गुणावर नव्हे तर तिच्या दुर्मिळपणावर ठरते. नाकापेक्षा मोती जड व्हायला इथून सुरुवात होते. दुसरीकडे भारतीय बनावटीच्या आडव्या दुनाळी आहेत. मुंगेर आणि जम्मूकडचे कारखाने त्या करतात. दिसायला ओबडधोबड, पण नव्या मिळतात आणि परवडतात. काडतुसांची काळजी नको. १८६९ पासून चालू असलेला आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना बारा बोअरची काडतुसे करतो. बारा बोअर म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका मावेल ती बारा बोअरची, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर व्यासाची. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा लहान असते. आणि म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे. ते लहान काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत पडले, तर घसरत पुढे जाऊन नळीत अडकते. माणसाला वाटते की आत काही नाही, आणि तो त्याच्यामागे बाराचे काडतूस भरतो.

पुढे काय होते ते आमच्या आजोळी वेगळ्या कारणाने, पण त्याच रीतीने घडलेले आहे. माझे मामा पाथरी तालुक्यातले. पावसाळ्याच्या शेवटी, रात्री, डुकराच्या मागे बांधावरून जाताना त्यांचा पाय घसरला आणि बंदुकीचे तोंड जमिनीत रुतले. आमची काळी माती कशी असते ते गोदाकाठच्या माणसाला सांगायला नको. भिजली की लोण्यासारखी आत शिरते आणि सिमेंटसारखी बसते. मामांनी वरून चिखल पुसला, आत पाहिले नाही. बार काढला आणि नळी मध्यावर केळ सोलावे तशी फुटली. डाव्या हाताची दोन बोटे गेली. नळी पेलणारा हात डावा असतो, म्हणून अशा अपघातात तोच जातो. पुढे तीस वर्षे मामा तंबाखू मळताना अंगठ्याखाली उरलेल्या बोटांची अडचण करून घेत, आणि आम्ही भाचरे ते पाहत असू.

म्हणून माझ्या मते मोडून उघडता येणारी दुनाळी, उभी असो की आडवी, इतर सर्व प्रकारांपेक्षा शेतकऱ्याला बरी. कळ दाबली, बंदूक वाकवली, काडतुसे काढली, की दोन्ही नळ्यांतून आकाश दिसते. अंधारात विजेरीचा उजेड दिसतो. एका क्षणाचे काम आहे. पडल्यावर, कुंपण ओलांडल्यावर, माळ्यावर चढल्यावर ते एक क्षण करायचेच.

जुनी बंदूक कशी पाहावी हे मला ज्या वृद्ध मिस्त्रींनी दाखवले, त्यांचे सारे आयुष्य बंदुका दुरुस्त करण्यात गेलेले. त्यांनी सर्वांत आधी स्क्रू पाहायला सांगितले. स्क्रूच्या डोक्यावरची खाच स्वच्छ असेल, तर बंदूक जाणत्याच्या हातांतून गेलेली. खाचेच्या कडा कुरतडलेल्या असतील, तर कोणीतरी हौशी माणसाने ती घरी खोललेली आहे. मग पुढचे लाकूड काढून घेतात, नळ्या आणि दस्ता तसेच जोडून ठेवतात, दस्ता घट्ट धरून हलवतात. बिजागरीशी खडखड झाली तर सांधा झिजला. मग बंदूक बंद करून उजेडाकडे धरायची. नळीचे बूड आणि तिच्यामागची लोखंडी भिंत यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. वरची कळ बंद स्थितीत मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे असेल तर बंदुकीत पुष्कळ आयुष्य आहे. डावीकडे झुकली असेल तर ती थकली. मग नळ्या सोडवून खिडकीकडे धरून आतून पाहायच्या. आतल्या भिंतीवर उजेडाची वर्तुळे अखंड दिसली पाहिजेत. एखादे वर्तुळ कुठे मोडले, तर तिथे पोचा आहे, आणि सावलीचे कडे दिसले तर नळी तिथे फुगलेली आहे. फुगलेली नळी हा कोणत्याही किमतीला नकार.

आणि मग त्यांनी नळ्या एका बोटावर लोंबत्या धरून नखाने टिचकी मारली. घंटेसारखा लांब नाद आला. "दोन नळ्यांच्या मधली पट्टी कुठं सुटली असेल, तर फुटक्या भांड्यासारखं वाजतं," ते म्हणाले. कुंभाराकडचे मडके वाजवून घेणारा आमचा समाज. पण बंदूकही वाजवून घ्यायची असते, हे मला पन्नाशीच्या जवळ येऊन कळले.

नळीवरची अक्षरे इथे येतात, आणि माझ्या भावाचे वाक्य आठवते. चांगल्या बंदुकीच्या नळीच्या बुडाशी बारीक शिक्के असतात. लंडन, बर्मिंगहॅम, लिएज, ब्रेशियाजवळचे गार्दोने, आपल्याकडे इशापूर, अशा ठिकाणी बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त जोराची दारू भरून ती उडवून पाहतात, आणि टिकली तर शिक्का मारतात. ही त्या बंदुकीची जन्मपत्रिका. तीत दोन गोष्टी वाचायच्या. एक, ती आजच्या धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे का. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या सुंदर नागमोडी रेषांच्या जुन्या नळ्या असतात. पुष्कळशा काळ्या दारूच्या काळातल्या. त्या भिंतीवरच शोभतात. दुसरी गोष्ट काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या इंग्रजी बंदुकांत ती ६५ मिलिमीटर असते, आजचे सामान्य काडतूस ७० चे. आणि फसगत अशी, की ७० चे काडतूस ६५ च्या घरात बिनबोभाट जाते! कारण तोंड दुमडलेले असताना ते आखूड असते. बार उडाला की तोंड उलगडते, उलगडायला जागा नसते, आणि आतला दाब भलताच वाढतो. १९४९ साली हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या गेल्या. जुन्या वाड्यांतल्या भारी इंग्रजी बंदुका पुढे कोठून कोठे फिरल्या कोण जाणे. "वाड्यातली चीज आहे" असे सांगून कोणी एखादी पुढे केली, तर आधी ही लांबी मोजून घ्यावी. वाडा किती मोठा होता, ते नंतर विचारावे.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा किंचित आवळ. पूर्ण आवळलेल्या नळीतून ४० यार्डांवर सुमारे ७० टक्के छरे ३० इंचांच्या वर्तुळात पडतात. मुळीच न आवळलेलीतून सुमारे ४० टक्के. दुनाळीचा खरा फायदा हाच, की एक नळी मोकळी आणि दुसरी आवळ ठेवता येते. पण शेतकऱ्याने दुसरा आकडा अधिक ध्यानात धरावा. चिमण्या-पाखरांचा बारीक छरा दोनशे-सव्वादोनशे मीटरवर निष्प्रभ होऊन पडतो. डुकरासाठीचा जाड छरा सहा-सातशे मीटर जाऊ शकतो. तुरीच्या पलीकडच्या वावरात दुसरा कोणी जागल करीत असतो. त्याचा कंदील दिसत नाही म्हणून तो तिथे नाही, असे नव्हे.

आता खांदा. सगळ्या कसोट्यांना उतरलेली बंदूकही तुमची नसू शकते. छऱ्याच्या बंदुकीला मागचा नेम नसतो. तिथे तुमचा डोळाच मागचा नेम. दस्ता इंचभर लांब असेल तर तो काखेत अडकतो, आखूड असेल तर बार उडताच अंगठा नाकावर आदळतो. दस्त्याची वरची कड फार खाली असेल तर बार खाली जातो, उंच असेल तर डोक्यावरून. परीक्षा सोपी आहे. आधी दुकानदारासमोर बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करून घ्या. डोळे मिटून, सहज, भिंतीवरच्या एका खुणेकडे तोंड करून ती खांद्याला लावा. मग डोळे उघडा. मान न हलवता नजर पट्टीवरून सरळ खुणेवर गेली, तर ती तुमची. आणि हे शेतात जे कपडे घालता त्याच कपड्यांत करा. पौषातल्या थंडीत घोंगडी पांघरणाऱ्या माणसाने नुसत्या सदऱ्यावर माप घेऊन काय उपयोग? कोणता डोळा बलवान हेही आधी पाहून घ्यावे. उजव्या हाताच्या पण डाव्या डोळ्याच्या माणसाला उत्तम बंदूकही चकवते.

आमच्यापुढे त्या दिवशी दोन बंदुका होत्या. एक इटालियन उभी दुनाळी, कोणीतरी परदेशी राहून येताना कधीकाळी आणलेली. दुसरी भारतीय बनावटीची नवी आडवी. इटालियन बंदूक सगळ्या परीक्षांत पहिल्या वर्गात उतरली. स्क्रू कोरे, नाद घंटेचा, घर ७० मिलिमीटरचे. उघडताना तिजोरीच्या दारासारखी मऊ उघडत होती. माझा भाऊ ती हातांतून खाली ठेवीना. डोळे मिटून खांद्याला लावली, तेव्हा दस्ता काखेत अडकला. तो पाच फूट पाच इंचांचा. बंदूक कुणा सहा फुटी माणसासाठी घडवलेली. मिस्त्री म्हणाले, दस्ता कापून देतो. तोही प्रश्न मिटण्याजोगा होता.

मग भावाने, बैल पाहताना विचारावा तसा प्रश्न विचारला. "हिचं काही मोडलं तर?" आतली एखादी स्प्रिंग किंवा काडतुसाच्या टोपीवर आदळणारी सळई तुटली, तर तिचा भाग परभणीत नाही, मुंबईतही मिळेलच असे नाही, घडवून घ्यावा लागेल, आणि तसे हात आता थोडे उरले. तोवर ज्वारी डुकरांची. तो मिनिटभर गप्प राहिला, बंदूक फडक्याने पुसून परत ठेवली आणि म्हणाला, "उद्या सांगतो."

तीन आठवड्यांनी त्याने आडवी घेतली. दस्ता पाऊण इंच कापून घेतला. तिच्यावर नक्षी नाही, लाकूड साधे, आणि पहिल्या वर्षी सांधा इतका घट्ट होता की गुडघ्यावर टेकवून उघडावी लागे. कबूल करतो, मला अजून ती इटालियन आठवते. ती एखाद्या तबकड्या फोडणाऱ्या पोराच्या खांद्यावर गेली असेल, तर तिचे सार्थक झाले.

विकत घेतल्यावरची दोन कामे दुकानदार सांगत नाहीत. बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवायची, आणि किल्ल्या देवघरातल्या डब्यात ठेवायच्या नाहीत. घरातल्या पोरांना तो डबा सर्वांत आधी माहीत असतो. दुसरे काम निवडणुकीचे. आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो, आणि ती तिथे महिना-दोन महिने भिंतीला टेकून उभी राहते. जमा करण्याआधी नळ्यांना आतून-बाहेरून तेल द्यावे, दस्त्यावर नावाची चिठ्ठी बांधावी, आणि पावती हातात पडली की नळीवरचा नंबर तिथेच, टेबलापासून न हलता, पडताळून पाहावा. भावाच्या गेल्या वेळच्या पावतीवर नंबरातले दोन आकडे उलटसुलट पडले होते. ते दुरुस्त करून घ्यायला आम्ही तिथे अडीच तास बसलो.